कार्यक्षमता: कोणाची आणि कोणासाठी?

(अल गराफा येथे झालेल्या आपल्या मासिक बैठकीतल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे वक्त्यांनी नंतर जोडून दिले आहेत. प्रतिक्रिया नेहमीप्रमाणे इ-मेलने कळवाव्यात.)



"मोठ्या कंपन्या कार्यक्षमता, प्रशिक्षण आणि ग्राहकसेवा कशा सुधारतात" हा आजचा विषय. तो मला दिला तेव्हा मी संयोजकांना म्हणाले, की इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक रोज हेच काम करतात. कोणी तेल-वायू कंपनीत, कोणी बांधकामात, कोणी बँकेत, कोणी हॉस्पिटलात. मी रसायनशास्त्रातली संशोधक. मला मॅनेजमेंटमधलं काय कळतं? ते म्हणाले, तुम्ही मोजमापावर बोला. ते मला पटलं. मोजणं हा माझा पेशा आहे. एखादा आकडा माझ्यासमोर आला की मी तीन प्रश्न विचारते: हा कोणी मोजला, कशाने मोजला, आणि यात काय मोजायचं राहून गेलं? आज हेच तीन प्रश्न "कार्यक्षमता" या शब्दाला विचारायचे आहेत.

सुरुवात आपल्या माणसांपासून करू.

डबेवाल्यांचा आकडा

परदेशात मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला गेलेल्या मराठी माणसाला हमखास भेटणारी एक स्लाइड आहे. पांढरी टोपी घातलेला मुंबईचा डबेवाला, डोक्यावर डब्यांची फळी, आणि खाली "सिक्स सिग्मा". ती दिसली की आपली मान ताठ होते. माझीही होते.

आता पहिला प्रश्न: हा आकडा कोणी मोजला? १९९८ मध्ये फोर्ब्सच्या एका लेखात डबेवाल्यांच्या अचूकतेचा उल्लेख आला. त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांना चुका किती होतात असं विचारलं होतं. जवळजवळ होतच नाहीत, फार तर दोन महिन्यांत एखादी, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. पत्रकाराने त्यावरून गणित केलं आणि ऐंशी लाखांत एक चूक हा आकडा तयार झाला. पुढे तो कधी साठ लाख झाला, कधी एक कोटी साठ लाख. "सिक्स सिग्मा" हा शब्द त्या लेखात नव्हता, तो नंतर चिकटला. मोटोरोलात १९८६ मध्ये तयार झालेल्या या पद्धतीत दहा लाख संधींमागे ३.४ दोष एवढी मर्यादा धरतात. डबेवाल्यांकडे कोणी वही घेऊन बसलं नाही, चुकलेले डबे मोजले नाहीत. तो एका अनुभवी माणसाचा अंदाज होता.

मग डबेवाले भारी नाहीत का? आहेतच. पण त्यांचं भारीपण त्या आकड्यात नाही. ते कशात आहे हे त्या स्लाइडवर लिहिलेलं नसतं, म्हणून मी सांगते.

ही व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली. माणसं मुख्यतः मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातली. शिक्षण बेताचं. करोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या घरात डबे पोहोचवत होते. डब्याच्या झाकणावर रंगाने आणि अक्षर-अंकांनी खूण असते: कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. एवढीच त्यांची माहिती-यंत्रणा. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये यावर केस स्टडी केली.

तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलेल्या चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, डबेवाला नोकर नसून भागीदार असतो. गटातली कमाई सारखी वाटली जाते, मुकादमालाही तेवढीच. दोन, नवा माणूस सहा महिने उमेदवारी करतो, आणि मग महिन्याच्या कमाईच्या दहापट रक्कम भरून हिस्सा घेतो. म्हणजे प्रशिक्षण हा खर्च नसून प्रवेश आहे. तीन, प्रत्येक गटात गरजेपेक्षा दोन-तीन माणसं जास्त ठेवलेली असतात. कोणी आजारी पडलं, लोकल रखडली, तर ती धावतात. आपल्याकडे कन्सल्टंट आला की पहिली गोष्ट काय करतो? या दोन-तीन माणसांना "अतिरिक्त" म्हणून काढतो. डबेवाल्यांची अचूकता मात्र त्या माणसांच्या जिवावर उभी आहे. चार, ग्राहकालाही शिस्त आहे. डबा वारंवार उशिरा देणारं घर ते सोडून देतात.

या चौथ्या मुद्द्यावर जरा थांबू. डबा वेळेवर कोण देतं? नऊ-साडेनऊला डबा भरून दारात ठेवणारी घरातली बाई. ती साडेपाचला उठलेली असते. साऱ्या साखळीतली पहिली कडी तीच आहे, आणि तिचं नाव एकाही केस स्टडीत नाही. तिचा पगार शून्य, म्हणून तिची वेळ हिशेबात नाही. माझी आई अशी डबे भरायची, म्हणून ही गोष्ट मला दिसते. तुमच्यापैकी बहुतेकांची आईही भरत असेल.

आणखी एक बाजू. ही भागीदारी आतल्यांसाठी समतेची आहे, पण दार सर्वांना उघडं नाही. भरती गावच्या आणि नात्याच्या ओळखीने होते. बायका जवळजवळ नाहीत. आणि पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड काही नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, ऑफिसं बंद झाली, आणि सव्वाशे वर्षं चाललेली व्यवस्था एका आठवड्यात थांबली. माणसं गावी परतली. नंतरही घरून काम करण्याची पद्धत राहिली, आणि बरेच डबे परत आलेच नाहीत. चूक एकही झाली नव्हती. अचूकता म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा धडा त्या स्लाइडच्या खाली लिहायला हवा.

टेलर, फोर्ड आणि डेमिंग

कार्यक्षमतेचं शास्त्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलर. त्याचं पुस्तक १९११ चं. त्यातली गाजलेली गोष्ट बेथलेहेम स्टीलमधल्या एका हमालाची आहे. तो दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड उचलत होता, "शास्त्रीय" पद्धतीने तो सत्तेचाळीस टन उचलू लागला. म्हणजे काम जवळजवळ पावणेचारपट. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, म्हणजे साठेक टक्के वाढ. बाकीचा फायदा कुठे गेला हे आपल्याला कळतं. गंमत म्हणजे पुढे इतिहासकारांनी कंपनीची कागदपत्रं तपासली, तेव्हा टेलरने गोष्ट बरीच रंगवून सांगितली होती असं दिसलं. ऐंशी लाखांत एक चूक असो की सत्तेचाळीस टन, कार्यक्षमतेच्या इतिहासात दंतकथा पुष्कळ आहेत.

दुसरं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात माणसं टिकतच नव्हती. वर्षाची गळती ३७० टक्के होती, म्हणजे एका जागेसाठी वर्षात सरासरी तीन-चार माणसं बदलत होती. असेंब्ली लाइन वेगवान झाली होती आणि माणसं कंटाळून, थकून निघून जात होती. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि कामाचे तास नवावरून आठावर आणले. गळती झपाट्याने कमी झाली. फोर्ड दानशूर होता म्हणून हे झालं नाही. कामगार सोडून जाऊ शकत होता, म्हणून झालं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कतारवर येताना तो लागणार आहे. शिवाय पाच डॉलर मिळवायचे तर फोर्डचे तपासनीस घरी येऊन तुम्ही दारू पिता का, घर स्वच्छ ठेवता का हे बघत. तेव्हा पगारवाढीसोबत पाळतही आली.

तिसरं नाव एडवर्ड्स डेमिंगचं. आपल्या इंजिनियर मंडळींना ते डेमिंग प्राइझमुळे ठाऊक आहे. महिंद्र आणि महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला ते २००३ मध्ये मिळालं. हा मूळचा संख्याशास्त्रज्ञ, त्यामुळे मला जवळचा. त्याच्या चौदा सूत्रांमध्ये दोन सूत्रं अशी आहेत: कामाच्या ठिकाणची भीती घालवा, आणि कामगारावर आकड्यांची उद्दिष्टं लादू नका. त्याचं म्हणणं असं, की बहुतेक दोष व्यवस्थेतले असतात, माणसातले नसतात. ती व्यवस्था फक्त व्यवस्थापनच बदलू शकतं. गुणवत्तेची प्रमाणपत्रं भिंतीवर लावणाऱ्या किती कंपन्यांनी ही दोन सूत्रं पाळली? तुम्ही आपापल्या ऑफिसपुरतं मनात उत्तर द्या.

उद्दिष्टं लादली की काय होतं याचं उदाहरण वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेचं. प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकायची, असा शाखांवर दबाव होता. आकडे सुंदर दिसत होते, बँकेचं कौतुक होत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये उघड झालं, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती. बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत सुमारे ५,३०० लोकांना नोकरीवरून काढलं होतं. त्यातले बहुतेक खालच्या पायरीवरचे. उद्दिष्ट वरून आलं, शिक्षा खाली गेली. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियम सांगतात: एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप उरत नाही.

कतार: ३२.१ हा आकडा

आता आपण राहतो तिथे येऊ.

एका मापाबद्दल मला चांगलं बोलायचं आहे, कारण नुसती टीका करणं सोपं असतं. कतारमध्ये उन्हाळ्यात दुपारच्या कामावर बंदी २००७ पासून होती, पण ती साडेअकरा ते तीन आणि १५ जून ते ३१ ऑगस्ट एवढीच. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ग्रीसमधल्या थेसली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडून इथल्या कामगारांवर उष्णतेच्या ताणाचा अभ्यास करून घेतला. कामगारांच्या शरीराचं तापमान प्रत्यक्ष काम करताना मोजलं. त्यातून दिसलं, की जिथे पाणी, विश्रांती आणि आपल्या गतीने काम करण्याची मुभा मिळते तिथे धोका बराच कमी होतो.

मग २०२१ मध्ये नियम बदलला. आता १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम बंद. आणि माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट: ऋतू कोणताही असो, वेळ कोणतीही असो, ३२.१ अंशांच्या वर "वेट बल्ब ग्लोब" तापमान गेलं तर काम थांबवायचं. हे आपल्या मोबाइलवर दिसणारं तापमान नव्हे. त्यात हवेचा दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्र हिशेब असतो. घाम वाळू शकतो की नाही, म्हणजेच शरीर स्वतःला थंड करू शकतं की नाही, हे त्यातून कळतं. कामगारांना उष्णतेच्या धोक्याचं प्रशिक्षण आणि दर वर्षी आरोग्यतपासणी हेही बंधनकारक झालं.

परिणाम? रेड क्रिसेंटच्या कामगारांसाठीच्या चार दवाखान्यांत उष्णतेच्या विकाराने आलेले रुग्ण २०२० च्या उन्हाळ्यात १,५२०, २०२१ मध्ये ६२०, आणि २०२२ मध्ये ३५१. संशोधक म्हणून मी लगेच सांगेन, की दवाखान्यापर्यंत न पोहोचलेले यात नाहीत, आणि कामगारांच्या मृत्यूंची कारणं नीट शोधली जात नाहीत ही मानवी हक्क संघटनांची तक्रार आजही उभी आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे. आणि या काळात विश्वचषकाची तयारी चालू होती, इमारती उठत होत्या. विश्रांती दिली म्हणून काम थांबलं नाही.

इथे मोजमाप आणि कामगार एकाच बाजूला उभे राहिले. मापाने माणसाला जास्त पळवलं नाही, थांबायचा हक्क दिला.

दुसरा बदल नोकरी बदलण्याचा. इथल्या कफाला पद्धतीत पूर्वी मालकाचं "ना हरकत" पत्र असल्याशिवाय नोकरी बदलता येत नसे. २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडायच्या परवान्याची अट गेली. २०२० च्या कायद्याने "ना हरकत" पत्राची अट काढली. मार्च २०२१ पासून किमान वेतन लागू झालं: महिना १,००० रियाल, आणि मालकाने राहणं-जेवण दिलं नसेल तर त्यासाठी ५०० आणि ३०० वेगळे. कागदावर हे मोठं आहे. प्रत्यक्षात मालक अडवणूक करतात, राजीनाम्यावर सही-शिक्का मागितला जातो, अशा तक्रारी येतच राहिल्या.

पण इथे मला फोर्डची आठवण होते. बंधन सैल झालं तर कामगार पळून जातील आणि आम्ही शिकवलेलं वाया जाईल, असं मालक म्हणतात. याची तपासणी शेजारी झालेली आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०११ पासून करार संपल्यावर जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली. अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचे करार संपले त्यांची कमाई १० टक्क्यांहून जास्त वाढली, आणि कंपनीत टिकून राहण्याचं प्रमाण घटण्याऐवजी वाढलं. कारण एरवी ही माणसं कंटाळून मायदेशी परत जात होती. त्यांना चांगलं वागवलं तेव्हा ती थांबली. जाण्याचा हक्क असलेला माणूस राहतो, तेव्हाच त्याच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च कामी येतो. म्हणून मी म्हणते, बांधून ठेवलेला कामगार हा अन्याय तर आहेच, पण तो मॅनेजमेंटचा आळसही आहे. माणूस जाऊच शकत नसेल तर कंपनीला सुधारायचं कारणच उरत नाही.

एक तारा

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण आजचा विषय मला खरा तिथे कळला.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टमधली संध्याकाळ, घरी पाहुणे, म्हणून जेवण अॅपवरून मागवलं. ते चाळीस मिनिटं उशिरा आणि गार आलं. पोऱ्या घामाने निथळत होता, त्याने "सॉरी मॅडम" म्हटलं. मी काही बोलले नाही. दार लावलं आणि फोनवर एक तारा दिला. कारण विचारलं तेव्हा "डिलिव्हरी करणाऱ्याची दिरंगाई" यावर बोट ठेवलं. पंधरा सेकंदांचं काम. मला वाटलं, मी जागरूक ग्राहक आहे.

दोनेक महिन्यांनी तोच मुलगा आमच्या कंपाउंडच्या गेटबाहेर सावलीला बसलेला दिसला. मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. बिहारचा होता, हिंदीत बोललो. मी विचारलं, त्या दिवशी एवढा उशीर कसा झाला? तो म्हणाला, दीदी, हॉटेलने ऑर्डरच अर्धा तास उशिरा दिली. आणि तुमच्या गेटवर बाइक आत सोडत नाहीत. बाहेर लावून चालत यायचं, तुमचा व्हिला शेवटच्या रांगेत. मग विचारलं, माझ्या ताऱ्याने काही फरक पडला का? तो हसला. म्हणाला, तारे कमी झाले की पुढच्या आठवड्याच्या चांगल्या शिफ्ट आधी दुसऱ्यांना मिळतात, उरलेल्या आम्हाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पावसाबद्दल बोलावं तसं तो बोलत होता.

आता यातलं सगळ्यात लाजिरवाणं सांगते. डिलिव्हरीच्या मोटारसायकली आत सोडू नयेत, ही मागणी आम्हा रहिवाशांचीच होती. मुलं खेळतात, आवाज होतो, अशी कारणं होती. त्या बैठकीला मी हजर होते आणि मी हात वर केला होता.

म्हणजे बघा. उशीर तीन ठिकाणी झाला: हॉटेलच्या स्वयंपाकघरात, आमच्या गेटवर, आणि थोडा रस्त्यावर. माझा एक तारा मात्र एकाच माणसाच्या खात्यावर जमा झाला. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं, तीन कारणांचा परिणाम मोजून सगळा एकाच्या नावावर लिहिला, तर मी त्याचा अहवाल परत करीन. आणि मी तेच केलं, कारण अॅपने मला तेवढाच पर्याय दिला आणि मी तो विचार न करता घेतला.

इथे डबेवाला आठवतो. काम तेच, जेवण पोहोचवायचं. पण डबेवाल्याच्या गटात चूक झाली तर ती गटाची. मदतीला जादा माणसं. ग्राहक वारंवार उशीर करत असेल तर ग्राहकाला नकार. या मुलाकडे यातलं काहीच नाही. २०२२ पासून इथे उन्हाळ्यात सकाळी १० ते ३:३० मोटारसायकलवरून डिलिव्हरीला बंदी आहे, हे चांगलंच आहे. पण ऑगस्टच्या संध्याकाळी हवा दमट असते आणि घाम वाळत नाही. बांधकामाच्या साइटवर ३२.१ मोजणारं यंत्र असतं. बाइकवर काय असतं? वेळ मोजणारा फोन. आपल्याच अल गराफाच्या बागेत चालणाऱ्यांसाठी थंड हवेचा ट्रॅक आहे. मी तिथे चालायला जाते आणि मला तो आवडतो. पण आता तिथून बाहेर पडताना रस्त्यावरचे बाइकवाले मला दिसतात. पूर्वी दिसत नसत.

आपण काय करू शकतो

आपण मंत्री नाही, कंपन्यांचे मालक नाही. दुसऱ्या देशात राहतो, त्याच्या मर्यादा आपल्याला ठाऊक आहेत. पण आपण अगदीच हतबल नाही. इथे बसलेल्यांपैकी अनेकजण टार्गेट ठरवतात, व्हेंडरचे करार लिहितात, ट्रेनिंगचं बजेट मंजूर करतात. आणि ग्राहक तर सगळेच आहोत. म्हणून चार साध्या गोष्टी सुचवते.

पहिली: तुमच्या विभागात जो आकडा दर महिन्याला वर जातो, त्याच्या शेजारी एक दुसरा आकडा लिहा, तो मिळवताना कोणाला काय किंमत पडली याचा. कॉल किती मिनिटांत संपवला याबरोबर तोच ग्राहक पुन्हा किती वेळा फोन करतो हे लिहा. काम किती दिवस आधी संपलं याबरोबर किती जण आजारी पडले हे लिहा.

दुसरी: "अतिरिक्त" माणसं काढायचा कागद तुमच्यासमोर सहीला आला, तर डबेवाल्यांची ती दोन-तीन जादा माणसं आठवा. कोणी आजारी पडल्यावर काम कोण करणार, हे त्या कागदावर लिहून मागा.

तिसरी: सफाई, सुरक्षा, कॅन्टीन यांचे करार नूतनीकरणाला येतील तेव्हा फक्त दर पाहू नका. पगार वेळेवर बँकेत जमा होतो का, भरतीसाठी कामगाराने गावाकडे एजंटला पैसे दिलेत का, हे विचारा. विचारणारा ग्राहक आहे हे कळलं तरी कंत्राटदार सावध होतो. हे मी पाहिलेलं आहे.

चौथी, घरची: तारा देण्याआधी थांबा. उशीर कोणामुळे झाला हे ठाऊक नसेल तर माणसाला तारा कमी करू नका, तक्रार कंपनीकडे लिहून करा. दारात गार पाण्याची बाटली ठेवा. आणि तुमच्या कंपाउंडच्या गेटचा नियम काय आहे ते एकदा वाचा.

आमच्याकडे मी तो विषय पुन्हा काढला. पहिल्या बैठकीत कोणी ऐकलं नाही. एक जण म्हणाले, तुम्हाला एवढा पुळका असेल तर गेटवर जाऊन जेवण घेऊन या. ते चिडून म्हणाले होते, पण सूचना वाईट नव्हती. आता मी जाते. नंतरच्या बैठकीत एवढं ठरलं, की उन्हाळ्याच्या महिन्यांत संध्याकाळी सहानंतर बाइक आत येऊ द्यायची, वेग कमी ठेवून. बाकीच्या वेळी नियम तसाच आहे. म्हणजे मला अर्धंच यश आलं.

त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्या भेटीनंतर तो पुन्हा दिसला नाही. मी अॅपमध्ये जुना तारा बदलायचा प्रयत्न केला. ती ऑर्डर केव्हाच बंद झाली होती, आता बदल होणार नाही असा निरोप आला.

कार्यक्षमता वाईट नाही. वाया जाणारा वेळ, सांडणारं पाणी, दोनदा करावं लागणारं काम हे कोणालाच नको असतं, कामगाराला तर मुळीच नको असतं. फक्त दर वेळी विचारायचं: वाचलेला वेळ कोणाला मिळाला, आणि तो कोणाच्या अंगातून काढला? हे विचारायला मॅनेजमेंटची पदवी लागत नाही.

आता चर्चेत तुमच्या ऑफिसातला एक आकडा सांगा, आणि त्यात काय मोजायचं राहून गेलं तेही सांगा. तिथूनच पुढे बोलू.